वाढीची क्रियापदं

माझ्या शिकवणीत दोन नियम होते, आणि दोन्ही मीच केलेले असल्यामुळे त्यांवर चर्चा होत नसे. पहिला नियम विद्यार्थ्यांसाठी. वाक्यं पुस्तकातून उतरवायची नाहीत, स्वतःच्या दिवसातून आणायची, आणि ती खरी असली पाहिजेत. ‘माझा घोडा फार वेगाने धावतो’ असलं काही मला चालत नाही. तुमच्याकडे घोडा नाही, मग कशाला माझा वेळ खाता? दुसरा नियम माझा मला. वही तपासताना वाक्य वाचायचं नाही, फक्त क्रियापद तपासायचं.

हे ऐकून लोक हसतात, म्हणून सांगते. सत्तावीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत मोठ्या माणसांना शिकवायला लागले. मोठी माणसं वहीत आपलं अख्खं घर आणून ओततात. सासू, साहेब, गुडघा, जावयाचं पिणं. एकदा त्यात जीव गुंतला की चुका निसटतात. म्हणून बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला मी एक खिडकी कापली होती, बोटभर उंच, तीन-चार शब्द मावतील एवढी रुंद. पुठ्ठा ओळीवर ठेवायचा, क्रियापदापर्यंत सरकवायचा, बरोबर असेल तर खूण, नसेल तर काट. शेवटी गुण, तारीख आणि सही. तासाभरात सात वह्या हातावेगळ्या होत. मला या युक्तीचा फार अभिमान होता.

बॉयलरवाल्याला माझ्याकडे वहिनीने पाठवलं. दादा गेल्यापासून घरात मी आणि ती, दोघीच. ती धुलाई कारखान्यात कामाला होती. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे धुतल्या जात आणि ती त्या वाफेच्या मोठ्या रुळातून इस्त्री करून काढत असे. तिच्या रुळामागे एक भिंत होती, आणि भिंतीच्या पलीकडे बॉयलर.

“वन्सं, एक विद्यार्थी देते,” ती म्हणाली होती. “बोलत नाही, भांडत नाही, फी वेळेवर देईल. पण रागावू नका त्याच्यावर, माणूस आधीच निम्मा शिजलेला आहे.”

खरंच तसा दिसायचा. पंचेचाळिशीचा, भुवया अर्ध्या जळालेल्या, कायम मागच्या बाकावर. त्याला वरच्या दर्जाचा दाखला हवा होता आणि त्याची परीक्षा इंग्रजीत होती. दाखला नसल्यामुळे वीस वर्षं बॉयलर चालवूनही कागदावर तो नुसता मदतनीस होता. मदतनिसाने काही म्हटलं तर ते कुणी लिहून घेत नाही, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं. मी म्हटलं, “इथे सगळं लिहून घेतलं जातं. उलट तुम्हीच लिहायचंय.”

त्या तीन महिन्यांत आम्ही वाढीची क्रियापदं करत होतो. माझा अत्यंत लाडका भाग. ‘राइज’ आपलं आपण होतं, ‘रेज’ कुणीतरी करावं लागतं. सूर्य राइज होतो. पगार मात्र साहेबाने रेज करावा लागतो, म्हणून तो होत नाही. इथे वर्ग हसायचाच, दरवर्षी. ‘इन्क्रीज’ मोजता येईल अशा गोष्टींना जास्त शोभतं. ‘एक्स्टेंड’ लांबीत जातं. ‘एस्कलेट’ एकेक पायरी चढत बिघडतं. आणि ‘एन्हान्स’ चांगल्याच गोष्टीचं होतं. दुखणं कुणी एन्हान्स करत नाही.

बॉयलरवाला हे सगळं खाली मान घालून उतरवून घ्यायचा. पाचव्या की सहाव्या आठवड्यात त्याने पहिल्यांदा हात वर केला.

“बाई, लोखंडाचा पत्रा आहे. सपाट. तो बाहेरच्या बाजूला येतो, पोट सुटल्यासारखा. त्याला एक्सपांड म्हणायचं का ग्रो?”

मला असे प्रश्न आवडतात. मी खडू घेऊन फळ्याकडे गेले. “थंड झाल्यावर परत जागेवर जातो का?”

“आधी जायचा. आता नाही जात.”

“मग सोपं आहे. तापल्यावर फुगतं आणि निवल्यावर बसतं ते एक्सपांड. जे एकदा आलं की परत जात नाही, हळूहळू पुढेच येत राहतं, ते ग्रो. ग्रो लिहा.”

“ग्रो,” तो म्हणाला आणि त्याने लिहिलं. मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, जणू मी अजून काहीतरी बोलणार होते. मी पुढच्या क्रियापदाकडे वळले.

तेव्हा घरी जेवताना वहिनी कारखान्याच्या गोष्टी सांगायची. नवं कंत्राट आलंय, दोन हॉस्पिटलं जास्तीची. पाळी आता बारा तासांची. मॅनेजर दारात उभा राहून घड्याळ बघतो. पाइप कुणी आतून हातोड्याने ठोकल्यासारखे वाजतात. “आणि भिंत गरम लागते हो. बायका ओले रुमाल वाळवतात तिच्यावर. फुकटची शेगडी मिळाली आम्हाला.” मी हूं हूं करत होते. ताटापलीकडे वह्या पसरलेल्या असत आणि माझी खिडकी ओळींवरून सरकत असे.

दहाव्या आठवड्यात त्याच्या वहीत, खिडकीत, इंग्रजीतले तीन शब्द आले: माझी भीती डबल झाली. मी काट मारली. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोर समजावलं, कारण चूक सुंदर होती आणि सगळ्यांच्या उपयोगाची होती. “डबल मोजता येणाऱ्या गोष्टीचं होतं. भीती काही फूटपट्टीने मोजत नाहीत. भीती ग्रो होते.”

“मोजता येते बाई,” तो मागून म्हणाला. “मी मोजली.”

वर्ग हसला. मीही हसले. तो हसला नाही, पण मी त्याला नेहमीच्या सवयीने दहापैकी आठ दिले होते, त्यामुळे रागावण्यासारखं काही मला वाटलं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. गुरुवार, सकाळचे दहा. वहिनी सातलाच कामावर गेली होती. मी चहा घेऊन वह्यांना बसले आणि कप कलंडला. वह्या वाचल्या, पुठ्ठा मात्र भिजून लगदा झाला. मी चडफडले, दुसरा पुठ्ठा शोधला, मिळाला नाही. म्हटलं, जाऊ दे, एक दिवस उघड्या डोळ्यांनी तपासू. वरचीच वही बॉयलरवाल्याची होती.

त्याची वाक्यं इथे सांगते, क्रियापदं फक्त त्याची तशीच ठेवते. त्या आठवड्याचं पहिलं वाक्य होतं: भट्टीच्या वरच्या पत्र्याचा फुगवटा काल चार बोटं होता, आज पाच बोटं ग्रो झाला.

मी ते दोनदा वाचलं. मग मागचं पान उलटलं. मग त्याच्या मागचं. मग अगदी पहिल्या पानावर गेले आणि तिथून सरळ वाचत आले. अकरा आठवड्यांत मी हे पहिल्यांदाच करत होते.

चादरी रोज चारशेने इन्क्रीज झाल्या. वाफ पुरत नाही, म्हणून मॅनेजरने सेफ्टी व्हॉल्व्हवरची दाबाची मर्यादा सातवरून नवावर रेज केली. पाणी गोडं करणारं यंत्र बंद आहे, आत चुन्याचा थर ग्रो होतोय. दाबाचा काटा आता रोज नवाच्या वर राइज होतो. मॅनेजरला सांगितलं तर वाद एस्कलेट होतो, तो म्हणतो, दाखला दाखव आणि मग बोल. पत्र्याच्या शिवणीजवळची चीर दोन बोटं एक्स्टेंड झाली. पत्र्याचं पोट मी सुताने मोजलं, महिन्यात दुप्पट. म्हणून माझी भीती डबल झाली. भिंतीपलीकडे एकोणीस बायका आहेत, त्यांतल्या एक बाईंच्या वहिनी आहेत.

एखाददुसरी काट सोडली तर मागच्या प्रत्येक वाक्यापुढे लाल खूण. तपासलेल्या प्रत्येक पानाखाली तारीख आणि माझी सही. एकोणीस बायकांच्या वाक्यालाही खूण होती, कारण त्यात ‘आहेत’ बरोबर होतं.

पायात काय घातलं तेही आठवत नाही. वही छातीशी धरून निघाले. कारखाना पंधरा मिनिटांवर होता आणि साठीनंतर मी पहिल्यांदाच रस्त्यावरून धावले. लोक बाजूला होत होते, एकाने “काय झालं बाई?” असं विचारलंही. काय सांगणार होते मी त्याला?

मागच्या फाटकातून बॉयलरच्या खोलीत थेट शिरता यायचं. आत कानठळ्या बसवणारा आवाज आणि तोंडावर येणारी धग. तो स्टुलावर बसून बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेकडे बघत होता. मला पाहून उठला. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

“हे काय आहे?” मी वही त्याच्यासमोर धरली. “हे खरं आहे?”

“तुमचा नियमच होता बाई. खरंच लिहायचं.”

“अहो, मग बोलला का नाहीत? कुणाला तरी सांगायचं!”

“सांगितलं की. अकरा आठवडे.” तो चिडला नव्हता, तेच मला सोसवेना. “मॅनेजरने बजावलं होतं, बाहेर कुठे बोललास तर उद्यापासून येऊ नको. गृहपाठाची वही कोण बघतंय? म्हटलं, बाई शिकलेल्या आहेत, त्यांची वहिनी इथेच आहे. वाचतील आणि काय ते करतील. मग वही परत आली, सगळ्यावर ‘बरोबर’. पुढच्या आठवड्यात पुन्हा ‘बरोबर’. तुमच्या वहिनी रोज कामाला येतच होत्या. मग मला वाटलं, बाईंनी कुणाला तरी विचारलं असेल. भिण्यासारखं काही नसेल. मीच भितोय उगाच. म्हणून चालवत राहिलो.”

मी वाचलंच नव्हतं, हे त्याला कसं सांगायचं? सांगितलं. पुठ्ठ्याची खिडकीही सांगितली. तो ऐकत राहिला आणि मग त्याने मागे वळून त्या पत्र्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. भट्टीच्या तोंडावर, माझ्या डोक्याच्या उंचीला, लोखंड बाहेर आलं होतं, गुळगुळीत, काळपट. मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप मोठं. सुताचा एक तुकडा खिळ्याला लटकत होता, त्याच्यावर गाठी मारलेल्या होत्या.

त्याने हात वर करून भट्टीचं इंधन तोडलं. आवाज एकदम निम्म्यावर आला, आणि त्या शांततेत पाइप ठोकल्यासारखे वाजू लागले.

“बंद झालं ना आता?” मी विचारलं.

“आग बंद झाली. वाफ आत आहेच. उतरायला तासभर तरी लागेल. तोवर ह्या काचेतलं पाणी बघत कुणीतरी बसलं पाहिजे. पाणी खाली गेलं की पत्रा लाल होतो, आणि एकदम गार पाणी सोडलं तर फाटतो. मला येतं ते. तुम्ही बायकांना काढा. पुढच्या दाराने काढा, ह्या भिंतीकडून नको. आणि ओरडू नका, धावले की पडतात.”

“तुम्हीही चला.”

“बाई,” तो म्हणाला, “जा हो.”

मी गेले. इस्त्रीच्या दालनात शिरताना मॅनेजर आडवा आला. भट्टीचा आवाज का थांबला म्हणून तो तावातावाने निघालाच होता. मी वही त्याच्यापुढे नाचवली. त्याने दोन पानं चाळली आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. “अहो, हा तर व्याकरणाचा सराव आहे. तुम्हीच गुण दिलेत की!” मी त्याला ढकललं. आयुष्यात कुणाला ढकललं नव्हतं. तो चादरींच्या गाड्यावर आपटला आणि मी पुढे गेले.

वहिनी रुळापाशी उभी होती, कपाळाला रुमाल बांधून. मला बघून तिचे डोळे चमकले. “अगंबाई! वन्सं इथे? आता आमची पण परीक्षा घेणार की काय?”

“वहिनी, बाहेर चल. सगळ्यांना घे. आत्ता.”

“थांबा, एवढी चादर निघू दे, अर्ध्यात अडकली तर मॅनेजर—”

मी तिचा हात धरला. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि चादर सोडून दिली. त्या भिंतीवर सात-आठ रुमाल वाळत होते. वहिनीने दोन बायकांना नुसतं खुणावलं, त्यांनी पुढच्यांना, आणि त्या ओळीने पुढच्या दाराकडे चालू लागल्या, शाळेच्या मुलींसारख्या. रस्त्याच्या पलीकडे मी मोजल्या. एकोणीस. मॅनेजरही आला, फोनवर बोलत, माझ्याकडे बोट दाखवत.

आम्ही चाळीस मिनिटं तिथे उभ्या होतो. बायका आधी घाबरलेल्या होत्या, मग कंटाळल्या, मग एकीने विचारलं की पगार कापतील का. मॅनेजर फोन संपवून आत जायला निघाला. तो रस्त्याच्या मध्यापर्यंत पोचला असेल.

आवाजाचं मला काही आठवत नाही. पुढच्या उघड्या दारातून दिसणारी ती रुमालांची भिंत मात्र आठवते. ती आधी पुढे झुकली, सगळी मिळून, मग पडली, आणि रुळाच्या जागी पांढऱ्या वाफेचा ढीग उभा राहिला. त्यातून चादरी उडून रस्त्यावर येत होत्या. वहिनी माझ्या खांद्याला धरून उभी होती आणि एकच विचारत होती, “तो कुठे आहे? वन्सं, तो कुठे आहे?”

तो संध्याकाळी सापडला.

चौकशी तीन आठवड्यांनी झाली. मॅनेजरने लिहून दिलं होतं की बॉयलरविषयी कसलीही लेखी सूचना कुणालाही, कधीही मिळाली नव्हती. मर्यादा वाढवली ती अर्थातच मदतनिसाने, दाखला नसलेल्या. चौकशी अधिकाऱ्याने साक्षीदार म्हणून मला बोलावलं. वहिनी सोबत आली आणि मागच्या बाकावर बसली. मी वही टेबलावर ठेवली. आदल्या दिवसापर्यंत ती चुलीत घालावी असं मला खरोखर वाटत होतं. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

अधिकाऱ्याने पानं उलटली. “ही सही कुणाची?”

“माझी.”

“म्हणजे लेखी सूचना मिळाली होती. तुम्हाला.”

“हो.”

“दहा वेळा.”

“हो.”

त्याने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. मग वही माझ्याकडे सरकवली. कारकुनाला इंग्रजी नीट येत नव्हतं, जबाबात घ्यायचं तर वाक्यं आपल्या भाषेत सांगावी लागणार होती. मी चष्मा लावला आणि सुरुवात केली. पहिल्या दोन-तीन वाक्यांना मी शब्द शोधत अडखळत होते, मग शोधायचं थांबले, कारण त्यांची गरज नव्हती. चादरी वाढल्या. मर्यादा वाढवली. काटा वाढला. चुना वाढला. वाद वाढला. चीर वाढली. पत्र्याचं पोट वाढलं. भीती वाढली, दुप्पट. कारकून मान न उचलता लिहीत होता. मला वाचताना रडू येत होतं आणि मी रडत होते.

अधिकाऱ्याने वही ठेवून घेतली. मॅनेजरला पुन्हा बोलावणार असल्याचं तो म्हणाला. मला म्हणाला, गरज पडली तर तुम्हालाही.

बाहेर व्हरांड्यात वहिनी थांबली होती. तिचा चेहरा मला वाचता येईना.

“वन्सं, ह्या वह्या तुम्ही जेवायच्या टेबलावर तपासायचात.”

“हो.”

“मी समोर बसलेली असायचे.”

“हो, वहिनी.”

“मला इंग्रजी येत नाही. पण आत्ता तुम्ही वाचलंत ते सगळं कळलं. एक वाक्य जरी तेव्हा मोठ्याने वाचलं असतंत, तरी मी भिंतीपलीकडे जाऊन त्याला विचारलं असतं.”

ती जिना उतरून रस्त्याला लागली आणि घराच्या दिशेने चालू लागली. तिच्या बरोबरीने चालायचा धीर मला झाला नाही, म्हणून मी मागे राहिले.